दीड बोट

आषाढात वडगावच्या बाजारातनं आणलेली चार पिल्लं
आता तलंगा झाल्यात.
एक काळी, दोन तांबड्या, एक उघड्या मानेची,
जिला मालन "मफलर हरवलेली" म्हणते.

खुराडं मी स्वतः वेल्डिंग मारून केलंय,
कोपरे गुण्यात, कडीला ग्रीस.
अडतीस वर्षं उद्यमनगरात लेथवर काढली,
एवढं तर यायलाच पाहिजे.
आत दोन खोकी, गवत अंथरून,
एकात चुन्याचा गोळा अंड्याच्या आकाराचा,
बघून शिकतील म्हणून.
त्यांनी तो महिनाभर टोचला
आणि नाद सोडून दिला.

"अजून कसं न्हाई?" मी खैरुनभाभीला विचारलं.
भिंतीपलीकडनं ती म्हणाली,
"तुरा बघा की ओ. फिका हाय तवर नाव काढू नका.
लाल झाला, पाठीवर हात ठेवल्यावर दबून बसली,
की मागची दोन हाडं चाचपायची.
मधी दोन बोटं बसली, तर आठवड्यात अंडं."

दोन बोटं.
माझ्या उजव्या हाताची तर्जनी
सत्त्याण्णव साली एका फ्लँजनं नेली,
मधल्या पेरापासनं पुढं.
भाभीच्या ध्यानात आलं. घाईनं म्हणाली,
"डाव्यानं बघा."
डाव्या हातात कोंबडी असती, भाभी.

मग मी कपाटातनं व्हर्नियर काढला.
निवृत्त झाल्यापासनं तेलाच्या फडक्यात झोपला होता.
पडवीत पाटावर बसून
एकेकीला काखेत धरून माप घेतलं.
काळी चोवीस. तांबड्या वीस आणि एकवीस.
मफलर हरवलेली, सोळा.
मालन उंबऱ्यात उभी राहून हसली,
"आता जॉबकार्ड लावा त्यास्नी."
लावलं. जुन्या डायरीत, तारखेसकट.

पौषात उसाच्या ट्रॉल्या रात्रभर रस्त्यानं जाऊ लागल्या
आणि इकडं तुऱ्यांत रंग भरू लागला.
काळी दिवसभर घरात हिंडायची, घशातल्या घशात बोलत,
कॉटखाली, पिंपामागं, देव्हाऱ्याच्या फळीखाली,
काहीतरी ठेवलंय आणि कुठं ते आठवत नाही
अशी.
माझ्या डायरीत तिचा पहिला नंबर होता.
मी मालनला तारीखसुद्धा सांगून ठेवली.

ती तारीख गेली.
आणखी चार दिवस गेले.

बुधवारी स्क्रू ड्रायव्हर पाहिजे होता, नळ गळत होता म्हणून.
हत्यारांची पेटी उघडीच राहिलेली.
कॉटनवेस्टच्या गोळ्यावर, ड्रिलच्या डबीला टेकून,
उघड्या मानेची बसलेली.
मी पुढं झालो तर तिनं असं बघितलं
की मीच तिच्या पेटीत हात घालतोय.
मागं सरलो. उभा राहिलो.
नळ गळत राहिला.

उठली तेव्हा अख्ख्या यादवनगरला सांगून उठली.
आणि काळी, जिनं काहीच केलं नव्हतं,
तीही ओरडली, तितक्याच जोरात.

लहानसं. फिक्या चहाच्या रंगाचं.
एका टोकाला रक्ताची बारीक रेघ.
मालननं ती रेघ बघितली, काही बोलली नाही,
आत जाऊन ओंजळभर जोंधळा आणला
आणि तो फक्त तिच्यापुढं टाकला,
बाकीच्या तिघींना पायानं लांब ठेवत.

मी व्हर्नियर उचलला.
लांबी, जाडी, वजन, सगळं लिहायचं होतं.
आणि चौगुलेमिस्त्री आठवले,
मी विशीत असताना त्यांनी हातावर मारलेली फूटपट्टी आठवली:
"गरम जॉबला माप लावायचं न्हाई.
आधी गार होऊ दे, मग बोल."

अंडं गरम होतं.
नुकतंच मशीनवरनं उतरल्यासारखं,
आणि तसं अजिबातच नाही.
साडेचार बोटांत ते नीट बसलं,
कुठंही फट न राहता.

मी पाटावर बसलो, गार व्हायची वाट बघत.
मुठीत धरून ठेवलंय तवर
ते कसं गार होणार,
हे ध्यानात यायला
बराच वेळ लागला.